बाकावरील नावासंबंधी

लोकशाहीत प्रत्येक नागरिकाला बसण्याचा अधिकार आहे. मात्र तो कोणाच्या सौजन्याने बसला आहे, याची नोंद राहणे आवश्यक असते. या नोंदीची सर्वोत्तम जागा म्हणजे बाकाची पाठ. लालबागच्या आमच्या गल्लीत असं एक बाक होतं. माजी नगरसेवकांनी ते दिलं तेव्हा बँड होता, फीत होती आणि बाकापेक्षा लांब हार होता. पाठीवर त्यांचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव आणि 'यांच्या विशेष प्रयत्नांतून' एवढा मजकूर होता. (बसायची फळी जरा अरुंद होती, पण मजकूर मावणं महत्त्वाचं.)

या बाकाचे मुख्य लाभार्थी म्हणजे आमच्या चाळीतले अप्पा पोंक्षे. वय ऐंशीच्या पुढे, जन्मभर विमा कचेरीत कारकुनी आणि आता गुडघ्याचं ऑपरेशन. डॉक्टरांनी बजावलं होतं, रोज चाला, नाहीतर पाय कायमचा आखडेल. नाक्यापर्यंत अप्पांना एका दमात जमत नाही. बाक बरोबर मध्ये. तिथवर यायचं, बसायचं, शेजारी टोपली लावून मासे विकणाऱ्या शिवडीच्या रखमाशी बोंबलाच्या भावावरून वाद घालायचा आणि परत फिरायचं. अप्पा मासे खात नाहीत, पण वादाला त्याची गरज लागत नाही.

मग निवडणूक जाहीर झाली, माजी नगरसेवक पुन्हा उभे राहिले आणि आचारसंहिता लागली. मतदारांवर प्रभाव पडू नये म्हणून सगळी नावं झाकण्याचा आदेश निघाला, आणि तो अत्यंत योग्य होता. इतकी वर्षं सकाळी गायब होणारं पाणी आणि गटाराचं नसलेलं झाकण यांचा आमच्या मतावर काडीचाही प्रभाव पडला नव्हता. बाकाचा मात्र पडला असता. निवडणूक पथकाने नावावर खाकी कागद चिकटवला. संध्याकाळी अप्पा टेकून बसले, आणि उठले तेव्हा अर्धा कागद त्यांच्या सदऱ्याबरोबर चाळीत गेला.

दुसऱ्या दिवशी पथक पुन्हा हजर. पथकप्रमुख हेरंबसाहेब मूळचे शाळामास्तर, स्वभावाने फार चांगले. बराच वेळ निरीक्षण केल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की अप्पा टेकले की नाव आपोआप झाकलं जातं. ते उघडं पडतं अप्पा उठल्यावर. म्हणजे दोष बसण्यात नसून उठण्यात आहे. त्यांनी तोंडी आदेश दिला, की मतदान होईपर्यंत बाकावर कोणीतरी सतत बसलेलं असावं.

आम्ही पाळ्या लावल्या. सकाळी पेन्शनर, दुपारी गृहिणी, संध्याकाळी वर्क फ्रॉम होमवाले. अप्पांच्या पाठीने नाव झाकलं तरी आडनाव बाहेर राहायचं (आणि आपल्याकडे मत आडनावालाच पडतं), म्हणून जोडीला एका रुंद पाठीची गरज भासली. साहेबांनी रखमाला विनंती केली.

"मी मासं इकू, का तुमच्या उमेदवाराचं नाव झाकत बसू?" रखमा म्हणाली. तरी टोपली पुढ्यात ओढून ती बसली. त्या आठवड्यात अप्पा सरकारी कामानिमित्त रोज दोनदा चालले आणि त्यांचा गुडघा चक्क सुधारला. सरकारी आदेशाने कोणाचा गुडघा सुधारल्याचं मी तरी प्रथमच पाहत होतो.

तेवढ्यात विरोधी उमेदवाराने तक्रार केली, की पुढच्या गल्लीतल्या आमच्या बाकाला साधा कागद आणि त्यांच्या बाकाला जिवंत माणसं, हा पक्षपात आहे. तक्रारीत तथ्य होतं. बाक उचलून गोदामात नेलं.

निकालात विरोधी उमेदवारच निवडून आले. आता जुनं बाक परत आणावं तर हरलेल्याचा प्रचार होतो, आणि नवं आणायला निधी यायचाय. अप्पांनी दोन दिवस दुकानाच्या शटरला टेकून बघितलं. तिसऱ्या दिवशी पाय लटपटला, तसे ते घरी गेले आणि महिनाभर खाली उतरलेच नाहीत. रखमा रोज विचारायची, म्हातारा हाय ना बरा? मला खरंच वाईट वाटायचं. सगळ्यांनाच वाटायचं, गल्लीच्या ग्रुपवर हात जोडलेले कितीतरी इमोजी आले.

शेवटी शेजारच्या वरदने त्याच्या ऑफिसातून मोडीत निघालेलं एक बाक आणलं. लोखंडी, साधं, पाठ कोरी. अप्पा काठी टेकत आले, बसले आणि पहिलं वाक्य रखमाला बोलले, की सुरमई फार महाग लावतेस. आठवडाभर छान चाललं. मग अतिक्रमणवाल्यांची गाडी आली. नाव असलेलं बाक आचारसंहितेत बसत नाही आणि नाव नसलेलं कशातच बसत नाही, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. हेही साहेब चांगलेच होते. ते म्हणाले, तूर्त बाक न्यावंच लागेल, पण कोणी एकाने जबाबदारी घेऊन सुनावणीला आलात तर कदाचित परत मिळेल.

"बोला, कोणाचं नाव लिहू?"

गल्लीत तेव्हा तीसेक माणसं उभी होती. वरदला मीटिंग आठवली. मला गॅसवरचं दूध आठवलं. रखमा पुढे झाली, पण तिची टोपलीच विनापरवाना असल्यामुळे आम्ही तिला मागे ओढलं. (याला शेजारधर्म म्हणतात.)

"माझं लिहा," अप्पा बाकावरून म्हणाले.

साहेबांनी कागद पुढे केला आणि बाक गाडीत चढवायचंय, तेव्हा कृपया उठा, अशी विनंती केली.

"सही करतो," अप्पा म्हणाले, "पण उभ्याने माझा हात हलतो. तेवढं होईपर्यंत बसू द्या."

साहेबांनी बसू दिलं. मग बाक नेलं.

सुनावणी येत्या मंगळवारी, सकाळी अकरा वाजता, वॉर्ड ऑफिसच्या दुसऱ्या मजल्यावर आहे. लिफ्ट बंद आहे. अप्पांना हाताला धरून वर नेणारं एक माणूस हवंय. आम्ही सगळ्यांनी आपापली कामं तपासली. मंगळवार नेमका अडचणीचा आहे. इथवर वाचून तुम्हाला साहेबांचा राग आला असेल, आमचा तर जास्तच आला असेल, आणि तो अगदी रास्त आहे. मंगळवारी तुम्हाला जमेल?

नाही ना? काही हरकत नाही. अप्पांना सांगतो, वाचणाऱ्यांनाही फार वाईट वाटलं.