हार्टले साहेबाची सही

मंडळी, ढाणकीच्या बाजारात कोणालाही विचारा, लॅमिनेशन करावं तर पंचफुलानं! शाळेत मी चौथीपर्यंतच गेले. पुढचं सगळं शिक्षण लोकांचे दाखले प्लास्टिकमध्ये घालता घालता झालं. जन्माचे वाचले, जातीचे वाचले, मृत्यूचे वाचले. थोडीफार इंग्रजीही त्यातच आली. बावीस वर्षांत माझ्या मशीनमध्ये एकाही कागदाला सुरकुती पडली नाही. मेलेला कागद मी जिवंत करून देते, असं मीच सांगत फिरायची.

आता नाही सांगत.

मे महिन्यातली दुपार होती. ऊन असं, की रस्त्यावरचं कुत्रं सावली बदलायलाही उठत नव्हतं. गॅरेजवाला जफर छातीशी पिशवी धरून दुकानात शिरला, जणू आत पंधरा दिवसांचं लेकरू आहे! पिशवीत पुठ्ठा, पुठ्ठ्यात रुमाल, रुमालात कागद.

"ताई, हे तेच पत्र."

मी हात पदराला पुसले. त्या पत्राची गोष्ट गावात सगळ्यांनी ऐकलेली, पत्र पाहिलेलं कोणीच नाही. इंग्रजांच्या काळात, विमानं नवीन नवीन उडू लागली होती तेव्हा, हार्टले नावाच्या साहेबाचं विमान पैनगंगेच्या वाळूत उतरलं आणि काही केल्या उठेना. जफरचे आजोबा करीम मिस्त्री यांनी कापसाच्या जिनिंगच्या मशीनचे बोल्ट ठोकून ते पुन्हा उडवलं. साहेबानं मुंबईहून आभाराचं टाइप केलेलं पत्र धाडलं, खाली सही केली, आणि आठ दिवसांनी जो उडाला तो परत आलाच नाही. विमान नाही, माणूस नाही, टोपीसुद्धा नाही!

गावानं मात्र तीन पिढ्या या घराची टर उडवली. जफर सायकलचं पंक्चर काढत बसला तरी लोक विचारायचे, "काय मिस्त्री, विमानाचं चाक हाय का?"

आज नागपूरहून संग्रहालयाच्या मॅडम पत्र पाहायला येणार होत्या. पत्र खरं ठरलं, तर तिथं काचेमागं करीम मिस्त्रींचं नाव लागणार होतं.

"अम्मी ऐंशीची झाली ताई," जफर म्हणाला. "तिच्या डोळ्यांदेखत नाव लागलं पाह्यजे. अन् मॅडमच्या हातात असा उघडा कागद कसा द्यायचा? लॅमिनेशन करून टाका."

"मंग! बिनालॅमिनेशनचा कागद म्हणजे बिनाफेट्याचा नवरदेव!"

जफर मॅडमना घ्यायला स्टँडवर गेला. मी मशीन तापवलं, हिरवा दिवा लागला. पाउचमध्ये घालण्याआधी सही नीट पाहून घेतली. निळी, लपेटेदार, शेवटी शेपटी अशी वर गेलेली, जणू सहीसुद्धा उडायला निघाली आहे. मी तिला मनातल्या मनात नमस्कार केला आणि पत्र रोलरमध्ये सोडलं.

रोलर फिरला. पत्र पलीकडून हळूहळू बाहेर आलं. तारीख आली, मजकूर आला, शेवटची ओळ आली.

सही आली नाही!

मी डोळे चोळले. चष्मा पुसला. टाइपची अक्षरं जिथल्या तिथं, आणि त्याखाली कोरी जागा. डाग नाही, फराटा नाही. जणू तिथं कधी कोणी सही केलीच नव्हती. बाहेर ऊन एवढं आग ओकत होतं आणि माझ्या पाठीवरून थंड काहीतरी उतरलं.

मी मशीन उलटं केलं. रोलरमध्ये बोट घालून पाहिलं, बोट भाजलं. सही कुठंच नव्हती. टाचणी पडावी तशी सही खाली पडते का हो? तरी मी वाकून टेबलाखालीही पाहिलं!

शेजारचा कुल्फीवाला देवीलाल आवाज ऐकून आला. "काय हरपलं वैनी?"

"सही."

"कोनाची?"

"हार्टले साहेबाची. आत्ता होती, आत्ता नाही."

देवीलालनं पत्र पाहिलं आणि दोन पावलं मागं सरकला. "तो साहेबही असाच गेलता ना? आत्ता होता, आत्ता नाही!"

"गप बस ना भाऊ!"

"म्या काय खोटं बोलून राह्यलो? त्याची माती झाली नाही. अशा मानसाले तुम्ही गरम मशीनमंदी घातलं!"

मी अशा गोष्टी मानत नाही. आमच्या घरात भूतबीत चालत नाही. सासऱ्यांनी धम्म घेतला तेव्हाच सगळी भुतं हाकलली होती. पण त्यातलं एखादं इंग्रज असेल, हे त्यांच्याही ध्यानात आलं नसावं.

आणि मग मला सुचलं. माझं बोट भाजलं होतं, ते मी फुंकत होते. भाजलं की काय करतात? बर्फ लावतात!

"देवीलालभाऊ, फ्रीज उघडा!"

"कायले?"

"साहेब भाजला!"

कुल्फीच्या डीप फ्रीजमध्ये, पिस्त्याच्या आणि मलईच्या मधल्या जागेत, पत्र आडवं ठेवलं. वरची काच सरकवली. आम्ही दोघं वाकून पाहत बसलो, ओसरीवर ठेवलेल्या माणसाला शेवटचं पाहावं तसं. फ्रीज घरघरत होता. त्या घरघरीत मला पंख्याचा आवाज येऊ लागला. विमानाला पुढं असतो ना, तो पंखा! दूरवरून, वाळूवरून यावा तसा.

"ऐकू येऊन राह्यलं का?" मी विचारलं.

"कॉम्प्रेसर हाय वैनी," देवीलाल म्हणाला. पण त्यानं माझी खुर्ची घट्ट धरून ठेवली होती.

पाच मिनिटं गेली. काचेवरचं दव मी पदरानं पुसलं. कोऱ्या जागेवर एक निळी रेघ उमटत होती. मग लपेट. मग वर गेलेली शेपटी.

"आली!" मी ओरडले. "आली बाई सही!"

"वैनी," देवीलाल पुटपुटला, "अजून एक येऊन राह्यली."

पहिलीच्या बाजूला दुसरी उमटली. तिच्याखाली तिसरी. मग चौथी, जरा वाकडी. कोणाचा हात नाही, पेन नाही, आणि बर्फात पडल्या पडल्या कागद सह्या करत सुटला होता! एक साहेब हरवला होता, पलटण परत आली. मी मोजल्या. सात!

देवीलालनं काच लावून घेतली. "आता भाहेर काढू नोका. आजूबाजूच्या बिलांवर सह्या करत सुटंन तो!"

तेवढ्यात ऑटो थांबला. जफर उतरला, मॅडम उतरल्या, आणि जफरच्या हाताला धरून त्याची आई, जैबुनबी चाची उतरल्या. मी पत्र काढलं. वाफाळत्या बर्फासारखं ते माझ्या हातात धूर सोडत होतं.

मॅडमनी आधी पत्र पाहिलं, मग मला, मग पुन्हा पत्र. "हे लॅमिनेट केलंय?"

"ताई! सात सह्या?" जफरचा आवाजच फाटला. "हे काय केलं तुम्ही?"

"मी नाही रे बाबा! साहेबानं केलं!"

चाचींनी पत्र डोळ्यांजवळ नेलं आणि ओट्यावर मटकन बसल्या.

"साहेबानं नाही," त्या हळूच म्हणाल्या. "म्या केलं."

जफर त्यांच्यासमोर उकिडवा बसला.

"असली सही उडत चालली होती बेटा. आधी भुरी झाली, मंग दिसेचना. चाळीस साल मी ते पत्र पाहत आली. तुह्या दादाचं, करीम मिस्त्रीचं नाव खोटं पडंन म्हनून तुह्या पोरीचा, जेबाचा रबरवाला पेन घेतला, तो घासला का पुसल्या जाते ना, तो. मले इंग्रजी कुठं येते? बेलबुट्टी काढते तशी काढली. नाही जमली का पुसायची, पुन्हा काढायची."

मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "ती शाई गरमीनं जाते, आजी. आणि खूप थंडीत परत येते. पुसलेलीसुद्धा."

देवीलालनं मोठा श्वास सोडला. मीही सोडला. जफर मान खाली घालून उभा होता. तीन पिढ्यांची टर आता चौथीला मिळणार, हे त्याच्या लाल झालेल्या कानांवर लिहिलेलं होतं.

"चाची," मी विचारलं, "किती वेळा काढली?"

"सहा. चांगली याद हाय. पाच पुसल्या, सहावी ठेवली."

मी पुन्हा मोजल्या. मॅडमनी मोजल्या. जफरनं मोजल्या.

सात.

सहा निळ्या होत्या. सातवी सगळ्यांच्या मधून, तिरपी, वाळलेल्या रक्ताच्या रंगाची, इतकी फिकट की श्वास सोडला तर उडेल. चाची तिच्याकडं पाहत राहिल्या आणि त्यांच्या अंगावर काटा आलेला मला दिसला. "हेच," त्या म्हणाल्या. "हेच होती ती."

मॅडमनी भिंग काढलं. बराच वेळ पाहिलं. आम्ही चौघं श्वास धरून!

"जुन्या शाईची असू शकते," त्या शेवटी म्हणाल्या. "प्लास्टिकखाली फिके रंग कधी कधी उठून दिसतात. पण खरी म्हणायला निबचा दाब कागदावर पाहावा लागतो, शाई तपासावी लागते." त्यांनी भिंग मिटलं. "प्लास्टिकवरून नाही होत ते. आणि प्लास्टिक सोलायला गेलं, तर सही त्याच्यासोबत निघून येईल."

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. फ्रीजमध्ये जागा असती तर मी आत जाऊन झोपले असते.

"नाव लावू आम्ही," मॅडम जफरला म्हणाल्या. "पण 'घरच्यांच्या सांगण्यानुसार' असं लिहावं लागेल."

चाचींनी थोडा विचार केला. "घरचेच तं सांगत आले बेटी," त्या म्हणाल्या. "लिव्ह तसंच." मग पत्र रुमालात गुंडाळताना माझ्याकडं वळल्या. "फुला, आता तरी कुठं जानार नाही ना हा साहेब?"

"पाण्यात बुडवा चाची, काही होत नाही!"

धंद्याची सवय हो! मॅडमनी डोळे मिटून घेतले.