नंबर घेतल्याशिवाय फाईल सुटत नाही

"नंबर दिल्याबिगर मी बायकोला जिपात पन बसू देत न्हाई," आमच्या ओट्यावर बसून सोपानआबा पप्पांना सांगत होते, "आन् ही पोरगी म्हनती, फाईल अशीच सोडा वाऱ्यावर!"

मी आत खिडकीशी बसून ऐकत होते. ही पोरगी म्हणजे मी. वारा म्हणजे इंटरनेट.

सोपानआबा आमचे शेजारी. मळवलीत आमच्या आणि त्यांच्या घरामध्ये एक पेरूचं झाड आहे, पण आबांच्या आवाजाला ते अडवू शकत नाही. आबा रेल्वेत गेटमन होते. तीस वर्षं एकाच फाटकावर. दोन वर्षांपूर्वी फाटकाच्या जागी पूल झाला आणि त्याच महिन्यात आबा रिटायर झाले. फाटक गेलं, शिस्त मात्र आबांनी घरी आणली.

शिस्त अशी. गाडी यायची असली की स्टेशनमास्तरांचा फोन यायचा. आबा फाटक बंद करून त्यांना एक दोन आकडी नंबर सांगायचे. मास्तर उलट आपला नंबर सांगायचे. दोघांनी ते वहीत लिहिले की फाटक बंद आहे हे पक्कं. आबांच्या मते जगातले सगळे घोटाळे नंबर न घेतल्यामुळे होतात. त्यामुळे हिरामावशी, म्हणजे आबांची बायको, दळण घेऊन निघाल्या की आबा आधी "सहा, एक!" असं ओरडतात. मावशींनी उलट नंबर सांगितल्याशिवाय डब्याची कडी आबांच्या हातातून सुटत नाही. एकदा मावशींनी वैतागून कालचाच नंबर सांगितला.

"वापरलेला नंबर चालत न्हाई," आबा म्हणाले.

"आन् चाळीस वर्सं वापरलेली बायको चालती व्हय?"

आबांनी त्यावर विचार केला आणि डबा सोडला. माझ्या माहितीत हा एकच अपवाद.

मी स्वतः कमी बोलते. इंग्लिश मीडियममध्ये शिकल्यामुळे मराठी आकड्यांपाशी अडते. एकोणसाठ की एकोणसत्तर हे ठरेपर्यंत समोरचा माणूस निघून गेलेला असतो. नोकरी घरून, लॅपटॉपवर. मीटिंगमध्ये माझा माईक बंद असतो. फोन वाजला तर तो थांबेपर्यंत मी त्याच्याकडे बघत राहते आणि मग मेसेज करते. तेव्हा आबांपासून मी जरा लांबच असायचे.

पण आबांच्या मुलानं त्यांना टॅबलेट आणून दिला आणि प्रकरण माझ्यापर्यंत आलं. आबांच्या जुन्या फोनमध्ये छत्तीस व्हिडिओ होते. "काय आहे त्यात?" पप्पांनी विचारलं. "सरकारी रेकार्ड," आबा म्हणाले आणि फोन खिशात घातला. फोनची चार्जिंगची खोबण ढिली झाली होती. लोणावळ्याच्या दुकानदारानं सांगितलं होतं की दुरुस्तीत आतलं सगळं पुसलं गेलं तर त्याला बोल लावायचा नाही. म्हणजे व्हिडिओ आधी बाहेर काढायला हवे होते, आणि फोन कधी डोळे मिटेल याचा भरवसा नव्हता.

"ड्राइव्हवर टाकते, टॅबलेटमध्ये उतरतील," मी पुटपुटले होते.

"ती ड्राइव्ह असती कुटं?"

"अं... अमेरिकेत असेल."

"मंजी ह्या हातातनं त्या हातात यायला माजी फाईल अमेरिकेला जाऊन येनार? आन् वाटंत तिला कोन बघतंय? न्हाई. तार दिसली पायजे."

रविवारी मी लॅपटॉप आणि केबल घेऊन त्यांच्याकडे गेले. आबा अंघोळ करून, केस विंचरून, चष्मा पुसून बसले होते. त्यांनी माझ्यापुढे जुन्या कॅलेंडरचा एक कागद ठेवला. मागच्या कोऱ्या बाजूला निळ्या शाईत दोन आकडी नंबरांच्या रांगा होत्या.

"ही तुमची यादी, मास्तर. वापरला की काट मारायची."

तेवीस वर्षांच्या मला कुणीतरी मास्तर म्हणत होतं. बरं एवढंच, की नंबर सुटा सुटा सांगायचा होता. पाच, आठ. अठ्ठावन्न म्हणायची गरज नव्हती.

"पाच, आठ," मी म्हणाले.

"मोठ्यानं बोला. पुटपुटलेल्या नंबरावर गाडी सुटत न्हाई."

केबल जोडली. फोन नुसता चार्ज व्हायला लागला, लॅपटॉपवर काहीच दिसेना. आबा माझ्याकडे बघत राहिले. मी फोनवर 'फाईल ट्रान्सफर' निवडलं आणि लॅपटॉपवर फोल्डर उघडलं.

"असं! तार असून भागत न्हाई, सिग्नल पडाय लागतोय," आबा खूश होऊन म्हणाले. त्यांना पहिल्यांदाच माझ्या कामात अर्थ दिसला असावा.

फोन गच्च भरलेला होता. मी छत्तीसही व्हिडिओ निवडून 'कट' करायला निघाले. आबांनी त्याचा अर्थ विचारला. मी सांगितलं, इथून निघून तिथे जातात. आबांचा चेहरा बदलला.

"पलीकडं पोचायच्या आदी हिकडची नोंद पुसायची? मास्तर, असं कोन करतं?"

मला हसू आलं, रागही आला. पण वाद घालायचा म्हणजे बोलावं लागतं. मी 'कॉपी' केलं.

एकविसावा व्हिडिओ जात होता तेव्हा हिरामावशी चहा घेऊन आल्या आणि त्यांचा पाय केबलमध्ये अडकला. फोन टेबलावरून फरशीवर पडला. पडदा काळा झाला. मावशींनी चहा तसाच खाली ठेवला. मी फोन उचलून बटण दाबून धरलं. बऱ्याच वेळानं पडदा उजळला.

छत्तीसही व्हिडिओ फोनमध्ये जागच्या जागी होते. लॅपटॉपवर एकविसावा अर्धवट आला होता. कट केलं असतं तर तो कुठल्या बाजूला सापडला असता, सापडला असता का, हे मला आजही सांगता येणार नाही. अर्धा तुकडा पुसून मी तो परत पाठवला.

"नवा नंबर," आबा हळूच म्हणाले.

मी न कुरकुरता दिला. छत्तीसावा पोचल्यावर केबल फोनमधून काढून टॅबलेटला लावली. पुन्हा सिग्नल, पुन्हा नंबर. तिथेही सगळे पोचले. एकविसावा नीट आला का बघायला मी तो टॅबलेटवर लावला.

फाटक होतं. गणवेशातले आबा हिरवा झेंडा धरून कॅमेऱ्याकडे बघत होते. "अक्का, ही दुपारची गाडी. तू हितं बसायचीस बग, ह्या बाकड्यावर. बाकडं हाय अजून. आता गाडीच्या मागं गार्ड हात करंल, बग हां." गाडी गेली. गार्डनं हात केला. आबांनीही केला.

मी आवाज कमी केला. आबा पेरूच्या झाडाकडे बघत होते.

"सरकारी रेकार्ड!" मावशी म्हणाल्या, पण टोमण्यात जोर नव्हता. मग त्यांनीच सांगितलं. अक्का म्हणजे आबांची थोरली बहीण. पवनानगरच्या पुढे, धरणाच्या पाण्यापलीकडे राहते. आबांना भाऊबीजेला सुटी कधी मिळाली नाही, म्हणून दर वर्षी अक्काच फाटकावर यायची आणि दोन गाड्यांच्या मधे त्यांना ओवाळायची. तीन वर्षांपूर्वी तिचं खुब्याचं हाड मोडलं. त्यानंतर फाटकही गेलं. शेवटच्या आठवड्यात आबांनी तिच्यासाठी छत्तीस गाड्या टिपून ठेवल्या, पण फोनच्या एवढ्याशा पडद्यावर तिला काही दिसेना.

"तिच्या गावात रेंज न्हाई," आबा म्हणाले. "हातानंच न्यायला लागतं." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "दर गाडीला कोन ना कोन बोलायचं बगा फोनवर. दोनच आकडे. पन बोलायचं. आता दिस दिस फोन वाजत न्हाई."

मी यादीची घडी करून खिशात ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा टॅबलेट टॉवेलात गुंडाळून निघाले. कामशेतहून पवनानगरची जीप, पुढे चालत. "पोचल्यावर खिंडीत येऊन फोन करतो," जाताना म्हणाले. "तितं रेंज लागती."

दुपारी फोन वाजला. मी तो उचलला.

"मास्तर, गाडी पोचली!" मागे वारा घोंगावत होता. "अक्कानं समद्या बघितल्या. हर गार्डाला हात केला तिनं, एक न्हाई सोडला. माजा नंबर सात, चार. तुमचा?"

मी ओट्यावर आले. मम्मी दारात येऊन उभी राहिली. पलीकडे हिरामावशींनी निवडायचं सूप खाली ठेवलं. मी खिशातली यादी उघडली आणि साऱ्या आळीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं बोलले:

"तीन, नऊ! आणि आबा, परत निघालात की पुन्हा फोन करा. नंबर घेतल्याशिवाय सुटायचं नाही!"