आप्पांनी दिलेलं शून्य

माझ्या भाचीच्या लग्नात नवऱ्या मुलाच्या मामांनी वीस मिनिटं भाषण ठोकलं. माझ्या शेजारी जेवायला बसलेले आप्पा जिलेबी मोडत शांतपणे म्हणाले, "तीन पॉइंट दोन. पाणी घातलंय."

आप्पा आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत त्यांना सगळे फॅटआप्पा म्हणतात आणि तेही बिनतक्रार ओ देतात. शिरोळकडच्या एका गावात दूध संस्थेवर त्यांनी उभा जन्म दुधाचं फॅट काढलं, म्हणजे दुधात स्निग्धांश किती ते मोजलं. मोठ्या पुरानंतर नवरा-बायको मुलीला घेऊन गाव सोडून इथे आले, पण फॅट काढायची सवय गावात राहिली नाही. सिनेमा, कीर्तन, नगरसेवकाचं आश्वासन, मी केलेला उपमा, सगळ्याला फॅट लागतं. सहाच्या वर म्हणजे म्हशीचं, अस्सल. साडेतीनच्या आसपास म्हणजे गायीचं, चालून जाईल. त्याखाली गेलं की पाणी. माझ्या उपम्याला चार पॉइंट आठ मिळाले होते. मी हायस्कुलात इंग्रजी शिकवते. गुण देणं हा माझा धंदा आहे, घेणं नव्हे. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नव्हते.

एवढ्या दुधाच्या माणसाच्या घरात चहा मात्र कोरा. वर गेलं की काकी, म्हणजे आप्पांची बायको, कोऱ्या चहाचा कप पुढे ठेवणार. मी एकदा म्हटलं, "काय आप्पा, कोल्हापुरातलं कुठलंच दूध पास होत नाही वाटतं?" आप्पा कसनुसे हसले. काकी आत निघून गेल्या. मी आपली विनोद केल्याच्या आनंदात चहा संपवला.

तर हे आप्पा एका ऑनलाइन खेळाचे समीक्षक आहेत. मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली आणि तिचा कॉम्प्युटर इथेच राहिला. त्यावर एक परदेशी खेळ होता. राक्षस, जादूगार, उडणारे साप, आणि जगभरातली माणसं एकाच वेळी त्या राज्यात फिरतायत. खेळाचं इंग्रजी नाव लांबलचक आहे, आप्पा त्याला नुसतं 'राज्य' म्हणतात. त्यात त्यांचा एक दाढीवाला वैद्य आहे. हातात काठी, डोक्यावर तरंगणारं नाव 'शिरोळ टेस्टर'. खेळ बनवणारी कंपनी वर्षा-दोन वर्षांनी त्यात नवा प्रदेश जोडते. लोक त्याला एक्स्पान्शन म्हणतात, आप्पा वेत म्हणतात. म्हैस एकदा व्याली की एक वेत, तसं. "दुसरं वेत झकास आलतं, बाई. तिसऱ्याला पार आटली."

प्रत्येक वेताला आप्पा वहीत समीक्षा लिहायचे, मी तिचं इंग्रजी करायचे आणि ती खेळाच्या साइटवर जायची. आधी मी उपकार म्हणून करत होते. मग त्यांची पद्धत बघितली आणि माझी बोलती बंद झाली. बाकीचे समीक्षक दोन-चार तास खेळून दहापैकी नऊ देऊन मोकळे होतात. आप्पा सकाळी सहाला एक तास आणि संध्याकाळी सहाला एक तास, असे पंधरा दिवस खेळत. संस्थेच्या वेळा.

"सकाळचं फॅट येगळं, सांजचं येगळं," ते म्हणायचे. "आणि ढवळल्याबिगर सॅम्पल घ्यायचं न्हाय. वरची साय घेतली की सगळ्यांचंच फॅट भरतंय की."

इतकी वर्षं मी मुलांना पुस्तकाचं परीक्षण लिहायला शिकवते, पण इतकं नेमकं मला कधी सांगता आलं नाही. तेव्हापासून मी उत्तरपत्रिकेचं शेवटचं पान आधी वाचते.

चौथं वेत आलं तेव्हा सगळीकडे गाजावाजा झाला. नदीकाठचा एक अख्खा प्रांत, आणि त्यावर येणारा पूर. समीक्षकांनी नऊ, साडेनऊ अशी खैरात केली. असं पाणी आजवर कुठल्या खेळात झालं नाही म्हणाले. आप्पाही खूश होते. संगमरवरी घाट, हत्तीवरचं देऊळ, धुक्यातून येणारा तो साप. मलाही वर बोलावून दाखवलं. मी तोंड उघडं टाकून बघत राहिले, हे कबूल करते. "सातच्या वर जाणार बघा," आप्पा म्हणाले.

तेराव्या दिवशी वही घेऊन खाली आले. चेहरा उतरलेला.

"लिवा बाई. शून्य."

मला वाटलं चेष्टा करतायत. आप्पांनी शून्य कशालाच कधी दिलं नव्हतं. नगरसेवकालासुद्धा एक पॉइंट एक दिला होता.

"पूर येतोय," ते म्हणाले. "राजाचा मुकुट देवळातनं काढायचा, बोटीत बसायचं नि निघायचं. झालं काम. पण गावात गोठं हायत की हो! जनावरं बांधलेली हायत. पाणी चढतंय, ती मान वर करत्यात, आणि दावं सुटत न्हाय. समदी बटणं दाबून बघितली. दावं सुटतच न्हाय."

"आप्पा, ती जनावरं नुसती शोभेला ठेवली आहेत."

"शोभेच्या जनावराला दावं कशाला बांधलं मग?"

मी पेन उचललं आणि लिहून घेतलं. 'पूर आला की आधी दावी सोडायची, मग माणसांनी निघायचं. आमच्याकडं शेंबड्या पोरालाबी ठावं असतंय. ज्यानं हे केलंय त्यानं पाणी बघितलंय, पूर बघितला न्हाय.' इंग्रजी करताना एकही शब्द जास्त घालावासा वाटला नाही.

त्यावर लोक तुटून पडले. म्हातारबाबा, खेळ काढून टाक आणि झोप, दोन म्हशींसाठी एवढी कलाकृती बुडवतोस काय, असं बरंच. मी चिडून आठ उत्तरं लिहिली, आप्पांनी एकही पाठवू दिलं नाही. मग एके दिवशी कुठल्याशा दूरच्या देशातल्या बाईंनी लिहिलं, आमच्याकडेही आधी गोठ्याचं दार उघडतात, टेस्टर बरोबर बोलतोय. त्याखाली आणखी एकानं लिहिलं, मग आणखी.

आठवड्याभरानं संध्याकाळी सहाला आप्पांनी जिन्यातून हाक मारली. "बाई, या लवकर!"

पडद्यावर ते गाव होतं आणि पूर चढत होता. बोट काठाला लागली होती, पण तिच्यात कोणी बसत नव्हतं. चिलखतातले योद्धे, पंखवाल्या जादूगारणी, हिरव्या कातडीचे राक्षस, सगळे एकेका जनावराशेजारी जाऊन उभे होते. डोक्यांवर मला वाचताही न येणाऱ्या लिप्यांतली नावं. गुडघ्यापर्यंत पाणी आलं, छातीपर्यंत आलं, कोणी हललं नाही. सगळे जनावरांबरोबर बुडाले. पुढच्या फेरीला परत येऊन उभे राहिले. एका खोलीत बसून लिहिलेल्या चार ओळींनी एवढी माणसं उभी राहिली होती. माझ्या वर्गात मुलं मी सांगूनही उभी राहत नाहीत.

महिन्याभरात कंपनीनं खेळात दुरुस्ती केली. दुरुस्त्यांच्या लांबलचक यादीत शेवटी एक ओळ होती. नदीकाठच्या गावांतली जनावरं आता सोडता येतील.

मी शिऱ्याची वाटी घेऊन वर धावले. म्हटलं आज सात मिळवणार. आप्पा कॉम्प्युटरसमोर बसले होते, मागे काकी लसूण सोलत होत्या. काकींनी त्या पडद्याकडे कधी ढुंकून पाहिलं नव्हतं. आप्पांचा वैद्य गोठ्यागोठ्यातून फिरत होता. वाकायचा, दावं सोडायचा. जनावर मान झटकून टेकडीच्या वाटेला लागायचं. शेवटच्या गोठ्यात एक म्हैस होती, कपाळावर पांढरा ठिपका असलेली. तिथे वैद्य थांबला. पाणी चढायला लागलं, तरी आप्पांचा हात हलेना.

"आमची चंद्री अशीच हुती," ते म्हणाले. माझ्याकडे बघत नव्हते. "आधीच्या पुरात पाणी उंबऱ्यापर्यंत आलतं. गोठा घरापेक्षा दोन हात उंच. म्हणून त्या मोठ्या पुरात म्हटलं, सोडली तर भांबावून नदीकडं जाईल, बांधलेलीच बरी. बोटवाला वरडतोय, हिच्या अंगात ताप. तसंच निघालो. परत गेलतो तर खुंट्याला नुसतं तुटकं दावं."

लसूण सोलायचा आवाज थांबला होता.

"त्या दिवसापासनं हिनं दूध तोंडाला लावलं न्हाय. चहात बी न्हाय. मला मात्र एक शब्द बोलली न्हाय, बाई. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं."

मला माझा तो कोऱ्या चहावरचा विनोद आठवला आणि जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

काकी उठल्या. पदराला हात पुसत खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या. पाणी म्हशीच्या पोटाला लागलं होतं.

"अवं," त्या म्हणाल्या, "सोडा की तिला आता."

आप्पांनी बटण दाबलं. दावं सुटलं. म्हैस पाण्यातून सपासप चालत टेकडीवर गेली आणि वर जाऊन एकदा हंबरली. दोघं रिकाम्या गोठ्याकडे बघत होते. मी शिरा तिथेच ठेवून पाय न वाजवता खाली आले.

सकाळी दारात काकी. हातात छोटं पातेलं. "बाई, वाटीभर दूध हाय का? चहाला पायजे हुतं."

मी स्वतःच घेऊन वर गेले. काकींनी चहा केला, तीन कपांत ओतला आणि आधी आपला उचलला. आप्पा कपाकडे नाही, त्यांच्याकडे बघत होते. काकींनी एक घोट घेतला, मग दुसरा.

"कसं आहे आप्पा दूध?" मी विचारलं. "किती लागलं फॅट?"

आप्पांनी टॉवेलनं डोळे पुसले.

"काढलं न्हाय, बाई," ते म्हणाले.