एकतीस जुलैचं शहाणपण

शनिवार, एकतीस जानेवारी, सकाळचे साडेसहा. आल्वर हाकालाचा फोन किणकिणला आणि त्याने स्वतःच उन्हाळ्यात टाकून ठेवलेलं वाक्य पडद्यावर उमटलं : ‘कंपनीचं कराचं रिटर्न. आज शेवटचा दिवस.’ बाहेरचं तापमान शून्याच्या तीस अंश खाली होतं. आल्वरला घाम फुटला.

"कोणाचा फोन?" इर्माने विचारलं. ती टेबलाशी बसून वडिलांच्या जुन्या गळाला नवी दोरी भरत होती.

"कोणाचा नाही. बँकेची जाहिरात."

खरं सांगणं अवघड होतं. आज तळ्यावर मासेमारीची स्पर्धा होती. गोठलेल्या तळ्यावर, आत बसून बर्फातल्या भोकातून मासे धरायची भाड्याची सगळी खोपटी हाकाला आणि मंडळी लिमिटेड या कंपनीची, त्यामुळे स्पर्धाही त्यांच्याच अंगावर. लग्न झाल्यापासून दर स्पर्धेला इर्मा काठावर उभी राहून किल्ल्या वाटायची आणि वाटाण्याचं सूप ढवळायची. या वर्षी आल्वरने शब्द दिला होता : किल्ल्या मी सांभाळतो, तू गळ टाक. तिने नाताळाआधीच आपलं तिकीट काढून आरशाला खोचलं होतं.

आता हा एकतीस जानेवारी आला कुठून? तर आल्वरच्याच डोक्यातून. कंपनी काढली तेव्हा हिशेबनीस स्टेफाबाई प्रोत्सिक यांनी विचारलं होतं, "हिशेबाचं वर्ष कधी संपवायचं? नव्या कंपनीला हवी ती तारीख घेता येते."

आल्वरने खोल विचार केला. हिवाळ्यात खोपटी, वसंतात डागडुजी, शरदात सरपण. जुलैत मात्र तळ्यावर डास आणि तो, एवढेच दोघे. "एकतीस जुलै! हिशेबाला निवांतपणा हवा की नाही?"

स्टेफाबाईंनी चश्म्यावरून पाहिलं. "रिटर्न त्यानंतर सहा महिन्यांत."

"सहा महिने? अहो, चैन आहे!"

जुलैत सहा मिळवायला त्याच्या हाताची बोटं पुरली असती. पण त्या दिवशी हात खिशात होते. बर्फावर पोट असलेल्या माणसाने बर्फ सर्वांत जाड असतो तोच दिवस स्वतःच्या गळ्यात बांधून घेतला, आणि वर संध्याकाळी बर्फावरच्या कर्लिंग खेळाच्या क्लबात त्यावर व्याख्यानही दिलं. बर्फ उपसणाऱ्या गाड्यांचा मालक नेस्टर आणि गळाला लावायचं आमिष विकणारी विल्मा यांच्याही कंपन्या नव्याच निघत होत्या. दोघांनी मान डोलावून तीच तारीख घेतली. गावात आपल्या शब्दाला वजन आहे, असं आल्वरला तेव्हा वाटलं होतं.

कराचा अंदाजी आकडा ऑक्टोबरातच भरून झाला होता. राहिलं होतं रिटर्न. आणि त्याच्या पावत्या तळघरात, बुटाच्या खोक्यात होत्या.

त्याने न्हाणीघरात शिरून स्टेफाबाईंना फोन लावला. यंत्रातून त्यांचा आवाज आला : "कचेरी सोमवारी उघडेल. मी मासे पकडायला गेले आहे." कुठे, हे आल्वरला विचारायची गरज नव्हती. पलीकडच्या टोकाचं, शांत असं खोपटं त्यानेच त्यांना या शनिवार-रविवारसाठी फुकट दिलं होतं. कृतज्ञता म्हणून. तिथे फोनही लागत नसे. हा खोपटाचा आणखी एक गुण त्याने आवर्जून सांगितला होता.

"इर्मा, जरा टोकाच्या खोपटाची शेगडी बघून येतो. धूर कोंडतोय म्हणे. तेवढा वेळ किल्ल्या देशील?"

इर्माने त्याच्या काखेतल्या बुटाच्या खोक्याकडे पाहिलं. "शेगडीला बूट घालणार आहेस का?"

"अर्ध्या तासात परत."

"माझं तिकीट आरशाला आहे," ती म्हणाली. "ते तिथेच राहू दे की आणू, तेवढं सांग."

तिने ते आणलं आणि त्याच्यासमोर आपल्या कोटाच्या खिशात घातलं. मग किल्ल्यांचा जुडगा उचलला.

बर्फगाडीवरून तळं ओलांडताना आल्वरला मागे आणखी दोन दिवे दिसले. एका गाडीवर नेस्टर, पोटाशी पावत्यांनी फुगलेली पिठाची पिशवी धरून. दुसरीवर विल्मा, तिच्या मांडीवर आमिषाचा डबा, आणि डब्यात कागद.

"काय चेअरमनसाहेब!" नेस्टर ओरडला. "जुलैत निवांतपणा असतो म्हणालात ना?"

"जुलैत होता की," आल्वर म्हणाला.

"मग जुलैत का नाही केलंस?" विल्माने विचारलं.

"निवांत होतो ना."

तीन गाड्या गुरगुरत खोपटापाशी थांबल्या. आल्वरने दार ढकललं. स्टेफाबाई बर्फातल्या भोकाशी वाकून बसल्या होत्या, आणि त्यांच्या गळाची ताणलेली दोरी नेमकी त्याच क्षणी सैल पडली.

"गेला," त्या शांतपणे म्हणाल्या. "दार लावा. तिघेही आत या, नाहीतर तिघेही बाहेर जा."

तिघे आत आले. आल्वरने खोकं पुढे केलं. "बाई, आज रात्री बारापर्यंत..."

"आज वार कोणता?"

"शनिवार."

"सरकार शनिवारी काम करतं?"

शेगडीत लाकूड तडकलं.

"शेवटची तारीख सुटीला आली की पुढच्या कामाच्या दिवसापर्यंत चालतं. सोमवारी सकाळी या. म्हणूनच तर मी इथे आहे."

"आणि ही तारीख बदलून घेता येईल?" आल्वरने हळूच विचारलं.

"आता सरकारला पटेल असं कारण आणि परवानगी लागेल. निवडताना कुणाची लागत नव्हती. तेव्हा तुमचं तुम्हालाच पटलं होतं."

नेस्टर खो खो हसला, मग आपण काय निवडलंय ते आठवून थांबला.

परतताना आल्वरच्या गाडीचा पट्टा तुटला. नेस्टरने ती दोरीने ओढत आणली, आणि वाटेत दिसेल त्याला कारण सांगितलं. आल्वर काठावर पोचला तेव्हा दुपारचा एक वाजला होता. स्पर्धा तीनला संपणार होती. इर्मा सूप ढवळत होती.

"शेगडी?"

"रिटर्न," आल्वर म्हणाला. "आणि त्याची मुदत सोमवारपर्यंत आहे."

इर्माने पळी त्याच्या हातात दिली, गळ उचलला आणि जवळच्या उघड्या भोकाशी जाऊन बसली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं, असं त्याला सूप वाढताना वाटत राहिलं.

तीनला दहा मिनिटं असताना तिची दोरी धावली. लोक जमले. स्टेफाबाईही आपलं सामान आवरून आल्या होत्या. आल्वर धावला, पण त्याच्या गळ्यात स्पर्धेचा भोंगा होता. तीनला तो वाजवायचा, आणि त्यानंतर वर आलेला मासा हिशेबात धरायचा नाही, हा नियम. नियमही त्यानेच केलेला.

"बाई," तो कुजबुजला, "आज शनिवार आहे. हिला नाही का सोमवारपर्यंत मुदत?"

"मासा सरकारी नाही," स्टेफाबाई म्हणाल्या.

"आल्वर!" इर्मा मान वर न करता म्हणाली. "किती वाजले?"

त्याने घड्याळ पाहिलं. तीनला एक मिनिट कमी होतं. पाईक माशाचं डोकं भोकाच्या काठाला लागून पुन्हा आत गेलं होतं. आल्वरचा अंगठा भोंग्याच्या कळीवर होता, आणि सगळं गाव त्या अंगठ्याकडे पाहत होतं. रिटर्न अजून भरलेलं नव्हतं, आणि ही दुसरी मुदतही त्याचीच होती.