तोंड दिसलं पाहिजे

आमच्या सोसायटीतल्या जाधवांचं तोंड बघायची मला कधीच हौस नव्हती. पण बदलापूरला हेंद्रेपाड्यात राहत होतो तेव्हा आठवड्यातून दोनदा तरी त्यांच्या मॅटाडोरमध्ये बसून मला ते बघावं लागायचं. जाधव मला आत बसवायचे, दार लावायचे, खिडक्यांचे पडदे ओढायचे, समोरच्या बाकड्यावर स्वतः बसायचे आणि एखादा नवा दिवा लावून विचारायचे, "बोला सेक्रेटरी, तोंड दिसतं का?"

"दिसतं."

"ओठ दिसतात?"

"दिसतात."

"नाकाची सावली पडते?"

"थोडी पडते."

झालं. सावली मीच पाडल्यासारखा हा माणूस माझ्यावर खवळायचा. "मग मघापासून दिसतं दिसतं काय लावलंय? तोंड दिसलं पाहिजे! अर्धं तोंड काय कामाचं?"

खरं म्हणजे ते तोंड पूर्ण दिसूनही काही कामाचं नव्हतं. साठीला आलेला माणूस, गाल बसलेले, आणि मिशी म्हणून औषधाला नाही. ती उगवू नये म्हणून दिवसातून दोनदा वस्तरा फिरवायचे. त्यांच्या घरातल्या फोटोत चार भाऊ रांगेत उभे होते. तिघांच्या मिशा पिळदार आणि हे मधे सोललेल्या बटाट्यासारखे. एवढं स्वतःच्या थोबाडाचं कौतुक असलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

मी तेव्हा सोसायटीचा सेक्रेटरी होतो. म्हणजे बिनपगारी शिव्या खायची नोकरी. तिसऱ्या मजल्यावर पाणी चढलं नाही, शिव्या मला. जिन्यात कुत्रं झोपलं, शिव्या मला. त्यात या मॅटाडोरची भर पडली.

जाधव अंबरनाथला यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर होते. बिघडलेले माग दुरुस्त करायचे. त्यांची बायको विमलकाकू त्याच शेडमध्ये मागाच्या कांड्यांवर सूत भरायला होत्या. दोघांचं जमलं तेही तिथेच, असं माझ्या बायकोने काकूंकडून काढून घेतलेलं होतं. रिटायर झाल्यावर जाधवांनी ही गाडी घेतली. आधी ती शाळेची पोरं वाहायची. वरून दोन हात रंग दिला तरी मागच्या काचेखालचं 'सावकाश, मुले आहेत' काही जाईना. आत दोन बाकडी समोरासमोर, रात्री ती जोडली की पलंग. एक स्टोव्ह, पाण्याचा कॅन, कपडे अडकवायला खिळे. लग्नानंतर जन्मभर दोघांच्या पाळ्या वेगळ्या, हा घरी आला की ती कामावर. आता हिला घेऊन समुद्राच्या कडेकडेने जाणार, रस्ता संपेल तिथपर्यंत, असं जाधव सगळ्यांना सांगत सुटले होते.

पहिल्या सहलीला दोघं मुरबाडच्या पुढे गेले. दुसऱ्या दिवशी जाधव मॅटाडोरने परत आले आणि काकू एसटीने. जिन्यातच त्यांनी माझ्या बायकोला सांगितलं, "त्या डब्यात मी परत पाय ठेवणार नाही." कारण विचारलं तर घरात निघून गेल्या.

कोणत्याही शहाण्या बाईने हेच केलं असतं, असं माझं मत झालं. जाधवांचं मत वेगळं होतं. त्यांच्या मते दोष दिव्याचा होता. गाडीच्या टपाला मधोमध एक पिवळा बल्ब होता. "काजवा आहे काजवा! हा लावून माणूस बसेल का गाडीत?" असं म्हणून ते कामाला लागले. आणि मग पुढचे कितीतरी महिने त्या गाडीत दिवे वाढत गेले, आणि काकू काही बसल्या नाहीत.

पहिला दिवा त्यांनी स्वतःच्या डोक्यामागे लावला. तोंड काळंठिक्कर. दुसरा गुडघ्याजवळ लावला, तर हनुवटीखालून उजेड येऊन असे भेसूर दिसायला लागले की खिडकीतून डोकावलेली आमची कामवाली बादली टाकून पळाली. मग बसमध्ये असते तसली छोटी ट्यूब उजवीकडे, तर डावा गाल अंधारात. मग डावीकडे एक. मग ड्रायव्हरच्या डोक्यावर एक, आणि त्याच्या बाजूला एक आरसा. "गाडी चालवताना पण तोंड दिसलं पाहिजे," म्हणाले. मी म्हटलं, "जाधवकाका, गाडी चालवताना रस्ता दिसला पाहिजे." तर म्हणाले, "रस्ता मला दिसतो, तुम्ही कशाला काळजी करता?"

एकदा मला धरून उल्हासनगरला घेऊन गेले. कॅम्पात एका सिंधी शेठचं गाड्यांच्या दिव्यांचं दुकान होतं. शेठने गिऱ्हाईक बघून रंगीत बल्बांची माळच काढली.

"साईं, गाडी में शादी है क्या? ये लगाओ, एकदम झकास."

"रंगीत नको! मेरा मुँह दिखना मंगता!" जाधव ओरडले. अख्खी गल्ली वळून बघायला लागली.

शेठने जाधवांच्या तोंडाकडे एकदा नीट पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "भाईसाब, ये फिल्म लाइन में हैं?"

जमिनीने पोटात घेतलं तर बरं, असं मला झालं.

आणि हे ओरडणं! जाधव साधं बोलायचेच नाहीत. 'साखर आहे का' हेसुद्धा आग लागल्यासारखं विचारायचे आणि प्रत्येक अक्षरासाठी जबडा एवढा उघडायचे की पडजीभ दिसावी. काकूंवर तर दिवसभर ओरडत असायचे. बिचाऱ्या काकू मात्र शांत. त्यांची फक्त एक सवय मला छळायची. बोलताना त्या माझ्या डोळ्यांकडे न बघता तोंडाकडे बघायच्या, टक लावून. माझ्या दातात काहीतरी अडकलंय असं वाटून मी घरी येऊन आरशापुढे उभा राहायचो. त्यांच्या दाराची घंटीही तशीच विचित्र. बटण दाबलं की आवाज नाही, घरात एक लाल दिवा उघडझाप करायचा. जाधवांचा दिव्यांचा नाद घरापासूनच सुरू होता तर, असं मी म्हणायचो.

हे सगळं मी सहन केलं असतं. पण दिव्यांनी बॅटरी उतरायची आणि सकाळी गाडी चालूच व्हायची नाही. मग "सेक्रेटरी, जरा हात लावा!" ऑफिसला जायच्या इस्त्रीच्या कपड्यांत मी, वॉचमन आणि सापडेल तो सभासद, सगळे त्या मॅटाडोरला ढकलत बेलवलीच्या रस्त्यापर्यंत. रोज. गाडी सुरू झाली की जाधव बाजारातून एक फेरी मारून परत यायचे, गाडी पुन्हा तिथेच लावायचे आणि आत बसून पुन्हा दिवे तपासायचे! मी धक्का मारायला नकार दिला, तर यांनी सोसायटीच्या पाण्याच्या पंपाच्या मीटरवरून वायर ओढून बॅटरी चार्जिंगला लावली. पंप बंद पडला. शिव्या कोणाला? मला.

मी सभा बोलावली. रविवारपर्यंत गाडी कंपाउंडबाहेर गेली पाहिजे, असा ठराव मीच मांडला आणि मीच टेबलावर हात आपटला.

"धक्का नको म्हणता, वायर नको म्हणता, मग गाडी काय फुंकून चालवू?" जाधव उठून उभे राहिले. "विमल बसेपर्यंत गाडी इथून हलणार नाय! ती एकदा बसली की जातो. मग पाहिजे तर परत पण येत नाय!"

"अहो, बाई दिव्याने बसत नसते," कोणीतरी मागून म्हणालं, "गादी बदला!" सगळे हसले. जाधव हसले नाहीत. माझ्याकडे बघत तोंड एवढं मोठं उघडून एकेक अक्षर तोडत म्हणाले, "तुम्हाला, काय, कळतंय!"

शनिवारी संध्याकाळी दिवेलागणीला मी त्यांच्याकडे निघालो. रविवार उद्यावर आला होता आणि गाडी तशीच उभी होती. जिन्यातच भांडण ऐकू आलं. या वेळी आवाज काकूंचाही होता.

"विकून टाका ती गाडी! लोकांच्या शिव्या खाताय माझ्यापायी!"

"नाय विकणार! तू एकदा बस, मग..."

तेवढ्यात लाइट गेली. बदलापूरला तेव्हा लाइट जाणं यात विशेष काही नव्हतं. विशेष हे, की भांडण त्या क्षणी थांबलं, नळ बंद केल्यासारखं. आमच्या घरी लाइट गेली की भांडणाला उलट जोर चढतो. मी जिन्यात थबकलो.

दार उघडलं. जाधव टॉर्च घेऊन बाहेर आले, पण उजेड जिन्यावर न पाडता स्वतःच्या तोंडावर पाडत. मागे त्यांच्या सदऱ्याचं टोक धरून काकू. दोघं माझ्या अंगावरून खाली गेले. मी मागोमाग. मॅटाडोरशी येऊन जाधवांनी दार सरकवलं आणि आतली सगळी बटणं दाबली. अख्ख्या काळोख्या कंपाउंडात ती एक गाडी सराफाच्या दुकानासारखी लखलखली. काकू पायरीशी थांबल्या. पाय ठेवणार नाही म्हणाल्या होत्या. पण भांडण अर्धं राहिलं होतं. पदर खोचून त्या तरातरा आत चढल्या.

आणि मग काचेतून मी जे पाहिलं ते आजही डोळ्यांपुढे आहे. दोघं समोरासमोर बसून कडाकडा भांडत होते, आणि आवाज नव्हता. साखर मागतानाही गल्ली जागी करणारे जाधव, त्यांच्या तोंडातून एक अक्षर बाहेर पडत नव्हतं. नुसते ओठ चालले होते. त्यांचे थांबले की काकूंचे सुरू. काकू बोट नाचवत होत्या, जाधव कपाळावर हात मारत होते. शेडमधल्या खडखडाटात दोघांचं जमलं ते असंच, नुसत्या ओठांनी बोलून जमलं असणार, हे तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात शिरलं.

मी काच वाजवली. जाधवांनी दार उघडलं. काकूंनी मला समोर बसवलं आणि नेहमीसारखं माझ्या तोंडाकडे बघितलं.

"तुम्हाला ऐकू येत नाही?" मी विचारलं.

"शेड सुटायच्या आधीच गेलं," त्या म्हणाल्या. "ह्यांचंही अर्धं गेलंय. म्हणून ओरडतात."

"अहो, मग सांगायचं नाही का आम्हाला?"

"सांगितलं असतं तर तुम्ही सगळे माझ्याशी ओरडून बोलला असता. मला एक ओरडणारा पुरे आहे."

जाधव रागाने लाल झाले होते. "मुरबाडच्या पुढे गाडी लावली. अंधार पडला. मी म्हणतो, चहा टाकू का? साधा चहा! हिला माझं तोंडच दिसेना. मी ओरडतोय, ही म्हणते काय झालं, काय झालं. रडायला लागली, सेक्रेटरी! माझ्यासमोर बसून माझ्यापासून हरवली ही!" त्यांनी टपावर मूठ आपटली. "कान गेले ते गेले. बोलणं नाय जाऊ देणार."

मला भयंकर राग आला. कोणाचा ते सांगता येणार नाही. जाधवांचा आला, आधी सांगितलं नाही म्हणून. मुरबाडच्या अंधाराचा आला. आणि दोन वर्षं ती बाई माझे शब्द वेचत होती तेव्हा मी घरी जाऊन दात कोरत होतो, त्याचाही आला.

जाधव तोवर बायकोकडे वळले होते. दोन्ही ट्यूब त्यांच्या गालांवर होत्या, सावली कुठे नव्हती. हळू आवाजात, मी प्रथमच ऐकत होतो इतक्या हळू आवाजात, त्यांनी विचारलं, "तोंड दिसतं का?"

"दिसतंय," काकू म्हणाल्या. "म्हणून तर राग येतोय."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं निघाले. बॅटरी अर्थात उतरलेली. मी, वॉचमन आणि ठरावाला हात वर करणारे सगळे सभासद ढकलत होतो. गाडीने बेलवलीच्या रस्त्याला आचका दिला, धूर माझ्या पांढऱ्या सदऱ्यावर सोडला आणि सुटली. जाधवांनी मागे वळून आभारसुद्धा मानले नाहीत. मी धापा टाकत रस्त्याच्या मधोमध उभा होतो. तोंडातल्या तोंडात, आवाज न काढता पुटपुटलो, "जा मेल्या एकदाचा. आणि तिला नीट परत आण."

मागच्या काचेशी काकू बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्या हसल्या. मग त्यांचे ओठ हलले, सावकाश, मला कळावं एवढे सावकाश. "सांगते ह्यांना."

मला ते स्वच्छ वाचता आलं, कारण एवढं लख्ख ऊन पडलेलं असताना त्या मूर्ख माणसाने आतले सगळे दिवे चालू ठेवले होते.