सासऱ्यांची वैमानिकी विजार

"बाबा, उठा," जावई म्हणाला. सासरे उठले. फुस्स करत विजार फुगली, मांड्या-पोटऱ्या आवळल्या गेल्या, आणि तीन महिने उभं राहताच गरगरणारं डोकं आज जागच्या जागी राहिलं.

जावई लढाऊ वैमानिकांच्या विजारी बनवणाऱ्या कारखान्यात कामाला होता. विमान झपकन वळलं की वैमानिकाचं रक्त पायांत उतरतं. ते वर राहावं म्हणून ही विजार हवेने पाय आवळते. सासऱ्यांचं रक्तही उठताना पायांतच उतरत असणार, असं ठरवून त्याने घरगुती विजार शिवली. आज डॉक्टर तपासायला येणार होते. सासरे नीट उभे राहिले, तर स्वतःच्या घरी एकटे राहायला मोकळे. नाहीतर मुक्काम कायमचा लेकीकडे. लेक मायाळू होती, पण तिच्याकडे रेडिओसुद्धा विचारून लावावा लागे.

"झकास! आता बसतो," सासरे म्हणाले. पण गुडघेच वाकेनात.

जावयाने नळी तपासली आणि त्याचा चेहरा पडला. "झडप अडकलीय. आणि बिघाड झाला तर हवा सोडायची नाही, असं मीच ठेवलंय. आकाशात हवा गेली तर माणूस बेशुद्ध पडेल ना!"

"मी आकाशात नाही, जावईबापू. दिवाणखान्यात आहे."

लेक कात्री घेऊन धावली. "खबरदार!" दोघेही ओरडले. डॉक्टरांना दाखवेपर्यंत विजार शाबूत हवी होती.

डॉक्टर दीड तास उशिरा आले. तोवर सासऱ्यांनी उभ्याने चहा घेतला, उभ्याने वर्तमानपत्र वाचलं आणि उभ्यानेच जावयाच्या शिक्षणाची चौकशी केली.

"रक्तदाब उत्तम! आता बसा," डॉक्टर म्हणाले.

"पाहुणे उभे असताना मी बसत नाही."

डॉक्टर खुर्ची ओढून बसले. आता निमित्त उरलं नाही. लेकीने मुकाट्याने कात्री चालवली. हवा गेली, तसा जावई सासऱ्यांना सावरायला झेपावला. सासरे जागचे हलले नाहीत. डॉक्टरांनी पुन्हा रक्तदाब मोजला. तितकाच.

"विजारीशिवाय? औषधात काही बदल केलात का?"

जावई ओशाळला. "चाचणी-उड्डाणाआधी वैमानिकाला गुंगीचं औषध देत नाहीत. म्हणून यांची झोपेची गोळी चार दिवस बंद ठेवली."

"अहो, विचारायचं तरी! कुणी दिली होती ती?"

"तुम्हीच. तीन महिन्यांपूर्वी," लेक म्हणाली.

डॉक्टरांनी घसा खाकरला, गोळीवर काट मारली आणि सासऱ्यांना घरी जायची परवानगी लिहून दिली. लेकीला रडू आलं. जावयाने हिरमुसून चाचणीच्या वहीत लिहिलं, 'निष्कर्ष: विजारीची गरज नाही.'

सासऱ्यांनी त्याच्या खांद्यावरून वाचलं.

"ते खोडा," ते हळूच म्हणाले. "हे डॉक्टर पुन्हा नवीन गोळी देणार नाहीत कशावरून?"