एक मत विरोधात

डॉ. लीलंड वॉस्कँप यांनी जाहीर केलं होतं, “आज जेवायच्या आत शंभर टक्के एकमत करून दाखवतो!”

खांद्याचा किंवा कोपराचा सांधा बदलल्यावर जंतुसंसर्ग झाला तर काय करायचं, याची नियमावली ठरत होती. लीलंड अध्यक्ष, म्हणजे त्यांनी मत द्यायचं नाही, इतरांची भांडणं सोडवायची. ग्रँड रॅपिड्समधल्या आपल्या घरी अभ्यासिकेत ते संगणकासमोर बसले होते, पडद्यावर अकरा सर्जन. मतदान गुप्त. दिसायचे ते फक्त टक्के.

विधान साधं होतं. ऑपरेशनला वर्ष उलटलं, ताप नाही, सूज नाही, नुसतं दुखतंय, तर वाट पाहायला हरकत नाही.

ब्याण्णव टक्के! कुणीतरी एकजण विरोधात!

“ओडेट, तूच ना?” लीलंडनी माँट्रियलच्या डॉ. फूर्निएना हटकलं.

“मी विरोध करते तेव्हा ओरडून करते!” त्या ओरडल्या.

दुसरी फेरी. पुन्हा ब्याण्णव. आता सोबत शेरा आला होता, तो लीलंडनी वाचून दाखवला. “वाट पाहा म्हणणाऱ्यांनी आधी असल्या खांद्याने स्वतःचे केस विंचरून दाखवावेत.”

“मी सुटलो!” ह्यूस्टनच्या डॉ. रेंतेरियांनी टकलावरून हात फिरवला. पण पुढची वीस मिनिटं सगळे एकमेकांवर संशय घेत भांडले. एकाने तर राजीनाम्याची भाषा केली!

तिसरी फेरी. लीलंड वैतागून मोठ्याने वाचू लागले.

“आमच्या घरीही खांद्याचे एक मोठे डॉक्टर आहेत. सोळा महिने झाले, म्हणतात, बसेल हळूहळू. खांदा बायकोचा आहे ना, म्हणून तपासायला घाबरत असतील. माझा राग नाही. पण दुखतं हो.”

लीलंडनी ती ओळ पुन्हा एकदा वाचली. ते उठले आणि थेट शेजारच्या स्वयंपाकघरात गेले. माइक चालूच राहिला.

त्यांची बायको मार्लिस डाव्या हाताने चेरी पायची पारी लाटत होती. शेजारी टॅब्लेट.

“मार्लिस, तो मतदानाचा फॉर्म तू भरत होतीस?”

“आपल्या ईमेलवर आला होता की! मला वाटलं, खांदा बदललेल्यांना विचारतायत. बराच चिवट आहे हं, भरला की पुन्हा येतो!”

चाळीस वर्षं दोघांचा ईमेल एकच. अध्यक्षांना नुसती प्रत म्हणून आलेला फॉर्म तिने भरला होता. लीलंड खुर्चीत बसले.

“घाबरलोच होतो मी. जंतू सापडले असते तर पुन्हा ऑपरेशन. तुझं. मला ते सहन झालं नसतं.”

“आणि मला रोज सहन होतंय, ते?”

त्यांनी तिचा पिठाचा हात धरला. “चुकलं माझं. सोमवारी सुईने सांध्यातलं पाणी काढून तपासायला देऊ. जंतू असले तरी हळू वाढतात, थोडे दिवस वाट...”

“चौदा दिवस, मार्लिस!” अभ्यासिकेतून ओडेट ओरडल्या. “लॅबला पाचव्या दिवशीच नमुना फेकू देऊ नका!”

दोघं दचकली. लीलंडचे कान लाल झाले.

“सोमवारी मीच नेतो तुला,” ते हळूच म्हणाले. “बाहेर गुपचूप बसेन. तपासणाऱ्या डॉक्टरांच्या कामात एक शब्द बोलणार नाही.”

लीलंड आणि गप्प बसणार! मार्लिस काही म्हणायच्या आत अभ्यासिकेतून अकरा सर्जन एकदम हसले. त्या दिवसातलं ते पहिलं एकमत!